‘बॉर्डर’वरची साखर आणि दमलेले स्वादुपिंड

गेल्या वर्षी आषाढात एक निवृत्त शिक्षक आपल्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलगा छत्तीस वर्षांचा. तालुक्याच्या गावी त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. दिवसभर बैठे काम, सात-आठ कप चहा आणि दुपारचे जेवण चार वाजता. विम्याची पॉलिसी काढायची म्हणून रक्त तपासले, तर उपाशीपोटी साखर ११६ आणि जेवणानंतर दोन तासांनी १७२ निघाली. मुलगा हसत म्हणाला, “काही नाही हो डॉक्टर, बॉर्डरवर आहे. बाबाच उगीच घाबरलेत.”

गुरुजी मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले. कारण हाच ‘बॉर्डर’ शब्द २००९ साली याच टेबलाच्या अलीकडून मी त्यांना ऐकवला होता. तेव्हा त्यांची उपाशीपोटीची साखर ११४ होती. “गोड जरा कमी करा, चिंता नको,” एवढे सांगून मी पुढच्या रुग्णाला हाक मारली होती. त्यानंतर गुरुजी आले ते थेट २०१६ मध्ये, पायाच्या अंगठ्याची जखम दीड महिना भरत नाही म्हणून. त्या दिवशी साखर २८० होती. अंगठा वाचला नाही.

गुरुजींनी मला कधी बोल लावला नाही. पण त्या सात वर्षांत त्यांच्या पोटात काय घडत होते, याची कल्पना मी त्यांना दिली नव्हती. ही रुखरुख माझ्या मनात आहे. साखर ‘बॉर्डर’वर असते तेव्हा आत नेमके काय चाललेले असते, हे वाचकांना समजले तर तो शब्द ऐकून कोणी निर्धास्त होणार नाही. आजचा लेख त्यासाठीच आहे.

पोटातला छोटा कारखाना

जठराच्या मागे, आडवे पसरलेले, साधारण पंधरा सेंटिमीटर लांबीचे स्वादुपिंड असते. त्याचा बहुतेक भाग अन्न पचवणारे रस तयार करतो. पण त्यात ठिकठिकाणी पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली आपल्या प्रबंधात त्यांचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांना ‘लँगरहॅन्सची बेटे’ म्हणतात. त्यांचे काम काय, हे त्याला स्वतःला कळले नव्हते. मोठ्या माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात, पण सगळी गोळा केली तरी वजन भरते जेमतेम एक-दोन ग्रॅम. आपल्या सबंध शरीरातील साखरेचा कारभार या एवढ्याशा ऐवजावर चालतो.

या बेटांत प्रामुख्याने दोन प्रकारच्या पेशी असतात. बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. रक्तातील साखर स्नायूंमध्ये आणि चरबीच्या पेशींमध्ये शिरावी, आणि यकृताने स्वतःजवळची साखर विनाकारण रक्तात सोडू नये, ही व्यवस्था इन्शुलिन पाहते. अल्फा पेशींचे काम याच्या उलट असते. त्या ग्लुकॅगॉन नावाचे संप्रेरक सोडतात आणि उपवासाच्या वेळी यकृताकडून साखर काढून घेतात. जमा आणि खर्च पाहणारे दोन कारकून एकाच कचेरीत शेजारी बसावेत, तशी ही रचना आहे.

निरोगी माणसाने भाकरीचे चार घास खाल्ले की काही मिनिटांत बीटा पेशी आधीच तयार करून ठेवलेले इन्शुलिन झटकन सोडतात. हा पहिला झोत. मग जेवण पचेपर्यंत दुसरा, संथ झोत चालू राहतो. पहिल्या झोताचे महत्त्व लक्षात ठेवा. बिघाडाची सुरुवात पुष्कळदा तिथून होते.

बैल दमतो कसा

पोट सुटले, हालचाल कमी झाली, यकृतात चरबी साचली, की शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही. जे काम पूर्वी एका मापात होत होते त्याला आता दोन मापे लागतात. बीटा पेशी तक्रार करीत नाहीत. त्या आकाराने वाढतात आणि दुप्पट माल काढतात. अशी कित्येक वर्षे निघून जातात. या काळात साखर तपासली तर अगदी सरळ येते आणि आपण खुशीत पेढे वाटतो! पण साखर सरळ आहे ती आतली माणसे दुप्पट पाळी करताहेत म्हणून, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

आपण बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले आहोत, म्हणून त्यातलाच दाखला देतो. एका जोडीचे रान दोन जोड्यांइतके वाढले आणि बैल तोच ठेवला, तर काही हंगाम तो ओढतो. मग त्याची चाल मंदावते. मग तो तासात बसतो. बीटा पेशींचेही तसेच होते. फरक इतकाच, की बैल बसलेला आपल्याला दिसतो आणि पेशी बसलेल्या दिसत नाहीत.

पेशीच्या आत काय होते, तेही पाहू. इन्शुलिन एकदम तयार होत नाही. आधी त्याचा कच्चा साचा बनतो, त्याला योग्य घडी पडते, मग तो कापून पक्का माल तयार होतो. मागणी बेसुमार वाढली की घड्या चुकतात, चुकीचा माल पेशीतच साठू लागतो आणि अर्धवट तयार झालेले इन्शुलिन बाहेर पडू लागते. बीटा पेशी इन्शुलिनबरोबर आणखी एक प्रथिन सोडतात. त्याचे चिवट थर बेटांमध्ये साचतात. रक्तातील जास्तीची साखर आणि जास्तीची चरबी याही या पेशींना जाचक ठरतात. म्हणजे साखर वाढल्याने पेशी थकतात आणि पेशी थकल्याने साखर आणखी वाढते. असे हे दुष्टचक्र आहे.

सुरुवातीलाच तो पहिला झोत कमजोर पडतो. म्हणून पुष्कळांची उपाशीपोटीची साखर ठीक असते, पण जेवणानंतरची चढलेली सापडते. पुढे अल्फा पेशींवरचा धाक सुटतो. भरल्या पोटीही त्या यकृताला साखर सोडायला लावतात आणि मग सकाळची साखरही वाढू लागते. तहान, वारंवार लघवी, वजन घटणे या खुणा त्याहीनंतरच्या. आपण मात्र त्या खुणांची वाट पाहत बसतो.

निदानाच्या दिवशी शिल्लक किती?

इंग्लंडमध्ये १९७७ साली नव्याने निदान झालेल्या मधुमेहींचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. पाच हजारांवर रुग्ण त्यात होते आणि त्याचे मुख्य निष्कर्ष १९९८ मध्ये जाहीर झाले. निदान झाले त्याच वेळी या रुग्णांच्या बीटा पेशींची कार्यशक्ती साधारण निम्म्यावर आलेली होती, असा त्यातला हिशेब आहे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मृत व्यक्तींची स्वादुपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली. ज्यांना मधुमेह झालेला नव्हता, फक्त उपाशीपोटीची साखर थोडी वाढलेली होती, अशा स्थूल व्यक्तींमध्येही बीटा पेशींचा ऐवज सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. मधुमेह झालेल्या स्थूल व्यक्तींमध्ये ही तूट ६३ टक्के होती.

हा चाळीसचा आकडा वाचकांनी दोनदा वाचावा. ज्याला आपण ‘बॉर्डर’ म्हणतो, तिथे पोचेपर्यंत मुद्दलातला मोठा भाग कमी झालेला असू शकतो. सीमेवर उभे राहून आपण पलीकडचा मुलूख पाहत नसतो, त्यात बरेच आत शिरलेले असतो. म्हणून हा शब्द मला खोटा वाटतो.

मेलेल्या की बसलेल्या?

मी एमबीबीएस करीत होतो त्या काळात उपाशीपोटीची साखर १४० झाली की मधुमेह म्हणायचे. ती रेषा १९९७ मध्ये १२६ वर आली. बीटा पेशी एकदा गेल्या की गेल्या, असेही आम्ही शिकलो होतो. मोठेपणी नव्या बीटा पेशी फारशा तयार होत नाहीत, हे आजही खरे आहे. पण गेल्या काही वर्षांत या चित्रात एक आशेची रेघ उमटली आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली उंदरांच्या बीटा पेशींबाबत असे दाखवले की, असह्य ताणाखाली सगळ्याच पेशी मरत नाहीत. अनेक पेशी आपले काम आणि आपली ओळखच सोडून देतात. इन्शुलिन करायचे थांबतात आणि बाल्यावस्थेतल्या पेशींसारख्या नुसत्या बसून राहतात. पुढे मधुमेही माणसांच्या स्वादुपिंडातही अशा पेशी आढळल्या. बसलेला बैल आणि मेलेला बैल यांत फरक आहे, तो हाच. बसलेल्याचे ओझे उतरवले, वैरण-पाणी दिले, तर तो उठण्याची शक्यता असते.

ती प्रत्यक्षातही दिसली आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्रा. रॉय टेलर यांनी ११ मधुमेहींना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींचा अत्यंत कमी आहार दिला. त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याभरात त्यांची सकाळची साखर सरळ झाली. आठ आठवड्यांत स्वादुपिंडातील चरबी घटली आणि हरवलेला पहिला झोत परत आला. पुढे मोठ्या प्रमाणावर झालेल्या चाचणीत, ज्यांच्या मधुमेहाला सहा वर्षे पूर्ण झालेली नव्हती अशा रुग्णांपैकी ४६ टक्के लोक वर्षभरानंतर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होते. २०१७ साली हे जाहीर झाले. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. वजन पुन्हा वाढले त्यांची साखरही परतली. म्हणून याला मी ‘बरा झाला’ म्हणत नाही. बैल उठला आहे, पण रान पुन्हा वाढवले तर तो पुन्हा बसणार.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सुरुवातीची वर्षे सोन्याची आहेत. पंधरा-वीस वर्षांच्या मधुमेहात उठण्याजोग्या पेशी थोड्या उरतात. जी वर्षे आपण ‘चिंता नको’ म्हणून घालवतो, नेमकी तीच कामाची असतात.

“मी तर बारीक आहे!”

यावर अनेकजण म्हणतील, डॉक्टर, ही लठ्ठ गोऱ्या लोकांची कहाणी झाली. आमचे वजन साठ किलो. तर त्यांच्यासाठी आपल्या पुण्याचाच दाखला देतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला आहे. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. मात्र आपली बाळे वजनाने लहान असली तरी त्यांच्या अंगी चरबीचा वाटा त्या मानाने राखलेला होता. कमी होते ते स्नायू आणि आतले अवयव. म्हणजे दिसायला बारीक, पण आतून चरबीदार.

डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी सुमारे ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१ टक्के! तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका. सदऱ्याखालचे पोट मोजा. पुरुषांचा कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांचा ८० च्या वर असेल, तर तुमच्या बीटा पेशी जादा पाळी करीत आहेत असे समजा.

याच अभ्यासाचा आणखी एक धडा आहे. स्वादुपिंडाचे भांडवल आईच्या पोटात जमू लागते. घरातली मुलगी शिळ्यापाक्यावर वाढवायची आणि तिच्या बाळाला पुढे मधुमेह झाला की नशिबाला दोष द्यायचा, हे आता थांबले पाहिजे.

एक आक्षेप

माझे काही व्यवसायबंधू आणि बरेच सुजाण वाचक म्हणतात की, धडधाकट माणसांना असे आकडे दाखवून घाबरवायचे, म्हणजे प्रयोगशाळांची आणि औषध कंपन्यांची भर करायची. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. वाढलेली साखर असलेल्या प्रत्येकाला मधुमेह होतोच असे नाही आणि अनेकांना गोळीची गरजही नसते. देशात झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार मधुमेही सुमारे दहा कोटी आणि उंबरठ्यावरचे साडेतेरा कोटींच्या वर आहेत. एवढ्यांना गोळ्या घालणे परवडणारेही नाही आणि शहाणपणाचेही नाही.

पण न घाबरवणे म्हणजे न सांगणे नव्हे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत, ज्यांना नेहमीसारखा जुजबी सल्ला दिला त्यांतले ५५ टक्के मधुमेही झाले. ज्यांच्याकडून चालणे आणि आहार यांचा नेटाने पाठपुरावा करून घेतला त्यांत हे प्रमाण ३९ टक्के राहिले. गोळी घेणाऱ्यांतही जवळपास तेवढेच. म्हणजे चालण्याने गोळीइतकाच गुण आला. चालण्यात कोणत्या कंपनीचा फायदा आहे?

आणि ‘जुजबी सल्ल्या’चे ते ५५ टक्के वाचताना मला माझे २००९ चे वाक्य आठवते.

काय करावे

वाचकांनी तिशी ओलांडली की वर्षातून एकदा साखर तपासावी. आईवडिलांना मधुमेह असेल, पोट सुटले असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, त्यांनी तर टाळूच नये. नुसती उपाशीपोटी तपासून समाधान मानू नका, जेवणानंतर दोन तासांचीही बघा. उपाशीपोटी १०० च्या वर किंवा जेवणानंतर १४० च्या वर आली, तर आपले स्वादुपिंड दमले आहे असे समजून डॉक्टरांना गाठा.

दमलेल्याचे ओझे उतरवायचे म्हणजे काय? फक्त पेढा सोडून भागत नाही. भाताचा ढीग, चहातली साखर, उपवासाची साबुदाण्याची खिचडी, फरसाण, हे सगळे ओझेच. ताटात आधी कोशिंबीर, पालेभाजी, उसळ घ्या. भाकरी मोजून खा. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके ठेवा. रोज पाऊण तास घाम येईल असे चाला. पोट सुटलेले असेल तर पाच-सात किलो वजन उतरवणे हे सर्वांत स्वस्त औषध आहे. मात्र ज्यांना गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी परस्पर आहार तोडू नये. साखर एकदम उतरून जिवावर बेतते. कारल्याच्या रसावर भिस्त ठेवून औषध बंद करणाऱ्यांना तर माझे हात जोडून सांगणे आहे की, असे करू नका.

इन्शुलिनविषयीही बोलले पाहिजे. आपल्याकडे इन्शुलिन म्हणजे शेवट, ही समजूत पक्की आहे. बीटा पेशींच्या बाजूने पाहिले तर ती उलटी आहे. बाहेरून इन्शुलिन दिले म्हणजे दमलेल्या पेशींना सुटी मिळते. चीनमध्ये नव्याने निदान झालेल्या ३८२ रुग्णांवरचा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला थोडेच दिवस इन्शुलिन देऊन साखर आटोक्यात आणली आणि मग सर्व औषध थांबवले. वर्षानंतरही औषधाविना साखर सरळ असलेले जवळपास निम्मे होते. सुरुवातीला गोळ्या दिलेल्यांत ते प्रमाण २७ टक्के होते. प्रत्येकाला हे लागू नाही. पण डॉक्टरांनी काही दिवसांसाठी इन्शुलिन सुचवले, तर ती शिक्षा समजून पळून जाऊ नका.

आता माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. आपल्या दवाखान्यांत गर्दी असते, एका रुग्णाला पाच मिनिटेही मिळत नाहीत, हे मीही भोगतो. पण ‘बॉर्डर’ हा शब्द आपण टाकून देऊ या. त्याने रुग्ण सुखावतो आणि परत येत नाही. त्याऐवजी “तुमचे स्वादुपिंड दमले आहे, तीन महिन्यांनी पुन्हा या,” असे सांगू या आणि ती तारीख केसपेपरवर लिहू या. एवढ्याला पाच मिनिटे लागत नाहीत.

गुरुजींच्या मुलाला मी या वेळी अर्धा तास बसवून घेतले आणि कागदावर चित्र काढून बेटे, पेशी, बैल सगळे समजावले. त्याने दुकानातला साखरेचा चहा बंद केला आणि जेवण दीड वाजता आणले. गुरुजी खास बूट घालून सकाळी त्याच्याबरोबर निघतात. त्यांना मुलाइतके चालवत नाही. ते मारुतीच्या पारावर बसतात आणि तो पुढे जाऊन येतो. आठ महिन्यांत मुलाचे वजन सात किलो उतरले. परवाच्या तपासणीत उपाशीपोटी ९७ आणि जेवणानंतर १३२ आली. गोळी एकही नाही.

त्याने विचारले, “म्हणजे आता सुटलो ना डॉक्टर?” मी म्हटले, “सुटला नाहीस बाबा, वेळेवर आलास. पुन्हा तीन महिन्यांनी ये.”

गुरुजींनी कागद हातात घेतला, माझ्या हस्ताक्षरातली पुढची तारीख वाचली आणि घडी घालून खिशात ठेवला. ती तारीख मी २००९ मध्येच लिहायला हवी होती.